सेल्फ जाम, किकही जाम!



नगर–मनमाड रस्त्यावर, शिर्डीच्या अलीकडे पाच-सहा किलोमीटरवर राहाता हे गाव आहे. इथल्या पेरूच्या बागा प्रसिद्ध आहेत. पेरूचा माल भल्या पहाटे तोडायचा, क्रेटमध्ये भरायचा आणि लिलावाच्या वेळेत बाजारात पोचवायचा, असा इथल्या शेतकऱ्याचा हिवाळ्यातला दिनक्रम असतो. उशीर झाला की भाव उतरतो. म्हणून सकाळी सहा वाजता मोटारसायकल सुरू होणे किंवा न होणे, ही इथे पैशाची गोष्ट असते.

अशाच एका सकाळी आमच्या शेजारच्या अण्णांची गाडी अडली. गाडी पंधरा-सोळा वर्षांची जुनी, १५० सीसीची. तिला बटणाचा स्टार्टर आहे आणि किकही आहे. बटणाच्या स्टार्टरला आपल्याकडे सगळे 'सेल्फ' म्हणतात, म्हणून आपणही तोच शब्द वापरू.

अण्णांच्या मुलाने सेल्फ मारला. 'टक्' असा एकच आवाज आला आणि पुढे काही नाही. त्याने पुन्हा बटण दाबले. पुन्हा 'टक्'. मग त्याने बटण दाबूनच धरले, चांगले अर्धा मिनिट. जळकट वास सुटला, तेव्हा कुठे त्याने अंगठा काढला.

"सर, जरा बघता का?" अण्णांनी कुंपणावरून हाक मारली. मी गेलो. बटण दाबताच न्यूट्रलचा हिरवा दिवा अगदी मंद होतो, हे मी पाहिले आणि पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाला शोभेल अशा थाटात सांगून टाकले, "बॅटरी उतरली आहे. किक मारा."

किक चार बोटे खाली गेली आणि दगडाला टेकल्यासारखी थांबली. मुलगा किकवर उभा राहून उडी मारायच्या बेतात होता. अण्णा म्हणत होते, "त्यापेक्षा तिसऱ्या गिअरला टाकू आणि उतारावरून ढकलू."

तेवढ्यात समोरच राहणारे गॅरेजवाले मिस्त्री दात घासत घासत तिथे आले. त्यांनी सर्वांना थांबवले. "सेल्फ जाम आणि किकही जाम? मग सेल्फच्या मागे कशाला लागलात?"

त्यांच्या या एका वाक्यात सगळे उत्तर होते. ते कसे, हे समजण्यासाठी आपण आधी स्टार्टरचे काम पाहू.

इंजिनाला धक्का का द्यावा लागतो?

पंख्याचे बटण दाबले की पंखा आपोआप फिरू लागतो. पेट्रोलच्या इंजिनाचे तसे नाही. पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, ठिणगी पाडून पेटवणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे अशी चार कामे इंजिन क्रमाने करते. यांतले शक्ती देणारे काम एकच, मिश्रण पेटल्यावरचे. पण ते घडण्याआधी मिश्रण आत ओढून दाबावे लागते. म्हणजे इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागण्यापूर्वी कोणीतरी त्याचा क्रँक बाहेरून फिरवून द्यावाच लागतो. हे काम पाय करतो तेव्हा त्याला किक म्हणतात, आणि विजेची मोटार करते तेव्हा सेल्फ.

पूर्वी मोटारगाड्या पुढे हँडल घालून हाताने फिरवीत असत. इंजिनाने उलटा झटका दिला की चालवणाऱ्याचे मनगट मोडायचे. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने १९११ साली विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत तो बसवला गेला. केटरिंगची कल्पना साधी पण मोठी चतुर होती. इंजिन फिरवायचे ते फक्त काही सेकंद. मग दिवसभर चालेल अशी अवजड मोटार हवीच कशाला? थोडा वेळ झेपेल तेवढी जादा वीज देऊन छोट्या मोटारीकडूनच ते काम करून घ्यावे. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

आपल्या भागापुरते सांगायचे तर नगरच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, १९७२ साली आलेली कायनेटिकची लूना तुमच्या आजोबांना नक्की आठवेल. ती सायकलसारखे पेडल मारून सुरू होई. १९८४ सालच्या कायनेटिक होंडा स्कूटरने बटणाची सोय आणली. मोटारसायकलींत मात्र बराच काळ किकचेच राज्य होते. बजाजची पल्सर २००१ साली आली, त्या सुमारास सेल्फ सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात येऊ लागला. आज तर अनेक गाड्यांना किक असतच नाही.

अडलेली मोटार आणि घरातली इस्त्री

आता मुलाने अर्धा मिनिट बटण दाबले तेव्हा काय झाले ते पाहू. थोडे गणित करावे लागेल, पण ते ओहमच्या नियमापलीकडचे नाही.

हिशेबासाठी असे धरू या की बॅटरी १२ व्होल्टची आहे. बॅटरीचा स्वतःचा व जाड वायरींचा मिळून रोध ०.०५ ओहम आणि मोटारीच्या गुंडाळीचा रोध ०.०५ ओहम. एकूण ०.१ ओहम. निरनिराळ्या गाड्यांत हे आकडे वेगळे असतील, पण साधारण याच जातीचे असतात.

मोटार फिरू लागली की तिची गुंडाळी चुंबकीय क्षेत्रात फिरते. चुंबकीय क्षेत्रात फिरणारी तार वीज निर्माण करते, हे तुम्ही जनित्राच्या पाठात शिकला आहात. म्हणजे फिरणारी मोटार ही त्याच वेळी एक छोटे जनित्रही असते, आणि तिच्यातला हा विद्युतदाब बॅटरीच्या विरुद्ध दिशेने असतो. समजा, तो ७ व्होल्ट आहे. मग धारा ढकलायला उरले १२ − ७ = ५ व्होल्ट. धारा झाली ५ ÷ ०.१ = ५० अँपिअर. यातून मोटार ७ × ५० = ३५० वॉट इतके यांत्रिक काम करते आणि तिच्या गुंडाळीत ५० × ५० × ०.०५ = १२५ वॉट उष्णता होते.

आता मोटार अडली. फिरत नाही म्हणजे विरोधी दाब शून्य. पूर्ण १२ व्होल्ट धारा ढकलायला मोकळे. धारा झाली १२ ÷ ०.१ = १२० अँपिअर. काम शून्य, आणि गुंडाळीतली उष्णता १२० × १२० × ०.०५ = ७२० वॉट! ही जवळजवळ घरातल्या इस्त्रीची शक्ती आहे. फरक इतकाच की इस्त्री तापण्यासाठी बनवलेली असते, आणि आपली मोटार मुठीएवढी असून सगळीकडून बंद असते.

अर्ध्या मिनिटात ७२० × ३० = २१,६०० ज्यूल उष्णता झाली. गुंडाळीचे तांबे २०० ग्रॅम धरले, तर ते एक अंश तापवायला सुमारे ७८ ज्यूल लागतात. २१,६०० ला ७८ ने भागा. तापमान सुमारे २७७ अंशांनी वाढेल! प्रत्यक्षात बॅटरी दमते, तारेचा रोध वाढतो, काही उष्णता बाहेर जाते, म्हणून आकडा याहून कमी राहील. तरीही तारेवरचे वार्निश जळायला तो पुरेसा आहे. जळकट वास त्याचाच होता. केटरिंगची 'काही सेकंदांची' मोटार अर्धा मिनिट अडकवून ठेवल्यावर आणखी काय होणार?

दुसरी गोष्ट अशी की सेल्फच्या जाड वायरीत सहसा फ्यूज नसतो. म्हणजे इथे चूक झाली तर वेळेवर तोडणारा कोणी नाही. तो तुमचा अंगठाच. म्हणून नियम लक्षात ठेवा: बटण पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचे नाही, आणि दोन प्रयत्नांत निदान अर्धा मिनिट जाऊ द्यायचे. 'टक्' होऊन काहीच फिरले नाही, तर पाच सेकंदही नाही. लगेच अंगठा काढायचा.

माझी चूक

आता त्या हिरव्या दिव्याकडे वळू. मोटार अडल्यावर धारा १२० अँपिअर. बॅटरी व वायरींच्या ०.०५ ओहम रोधातच १२० × ०.०५ = ६ व्होल्ट खर्च झाले. बाहेर उरले ६ व्होल्ट. दिव्याला निम्माच दाब मिळाला, म्हणून तो मंद झाला.

पण बॅटरी उतरली असली तरीही दिवा असाच मंद होतो! उतरलेल्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. थोडी धारा ओढली तरी तिचा दाब पडतो. लक्षण एकच, कारणे दोन. मी त्यांतले एक उचलले आणि दुसऱ्याचा विचारच केला नाही. वर्गात मी विद्यार्थ्यांना सांगत असतो, की एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नका. ती सकाळ मला माझाच धडा शिकवून गेली.

दोन कारणांत निवड कशी करायची? अगदी सोपे आहे. हॉर्न वाजवायचा. हॉर्नला दोन-चार अँपिअर धारा पुरते. बॅटरी उतरलेली असेल, तर हॉर्न घोगरा वाजेल. हॉर्न खणखणीत वाजला आणि तरी सेल्फ 'टक्' करून थांबला, तर बॅटरी बरी आहे. अडले आहे ते दुसरेच काही. अण्णा नंतर म्हणाले की पहिल्या प्रयत्नाआधी त्यांनी फाटकातल्या कुत्र्याला हाकलायला हॉर्न मारला होता आणि तो जोरात वाजला होता. ती माहिती जागेवरच होती. मी विचारली नाही, इतकेच.

ही परीक्षा हेडलाइटवर करू नका. अनेक जुन्या गाड्यांचा हेडलाइट बॅटरीवर नसून थेट इंजिनाच्या जनित्रावर चालतो. इंजिन बंद तर दिवा बंद, आणि तुम्ही उगीचच बॅटरीला दोष द्याल.

मिस्त्रींचे तीन प्रश्न

मिस्त्रींनी गाडीला हात लावण्याआधी तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न: "किकही जाम आहे ना?" सेल्फ आणि किक यांच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. सेल्फची मोटार आपल्या दातेरी चक्रांतून क्रँकला फिरवते. किक आपल्या रॅचेटमधून, वेगळ्या चक्रांतून तेच करते. दोन वाटा जिथे एकत्र येतात ती जागा म्हणजे क्रँक, आणि त्याला जोडलेला पिस्टन. एका घरात दोन नळ असावेत आणि दोन्ही एकाच वेळी बंद पडावेत, तर आपण नळ दुरुस्त करीत बसत नाही, टाकीकडे जातो. तसेच हे. दोन्ही स्टार्टर एकाच रात्रीत बिघडण्यापेक्षा क्रँकच अडला असण्याचा संभव फार जास्त.

दुसरा प्रश्न: "रात्री पेट्रोलचा कॉक बंद केला होता का?" नव्हता केला.

तिसरा प्रश्न त्यांनी तोंडाने विचारला नाही. इंजिन ऑइलची पट्टी काढली, पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर आले होते! इंजिनातले ऑइल कमी होते हे आपण ऐकतो. रात्रीत वाढले कसे? त्यांनी पट्टी नाकाजवळ नेली आणि मग माझ्याकडे दिली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता.

चार चमचे पेट्रोल

आता कोडे उलगडते. टाकीतले पेट्रोल कॉकमधून कार्बोरेटरच्या वाटीत येते. वाटीत एक तरंगता गोळा असतो. वाटी भरली की तो वर येतो आणि एका सुईने पेट्रोलची वाट बंद करतो. घरातल्या पाण्याच्या टाकीत असाच तरंगता गोळा तुम्ही पाहिला असेल. त्या सुईखाली कचऱ्याचा कण अडकला, तर पेट्रोल येतच राहते. अशा वेळी जादा पेट्रोल बाहेर सांडावे म्हणून वाटीला एक बारीक नळी असते. अण्णांच्या गाडीची ती नळी कुंभारमाशीने मातीचे घर बांधून पक्की बुजवली होती!

बाहेरची वाट बंद झाल्यावर पेट्रोलने आतली वाट धरली. गाडी बंद केली तेव्हा पिस्टन नेमका अशा जागी थांबला होता, की मिश्रण आत घेणारी झडप उघडी होती. पेट्रोल थेंबथेंब सिलिंडरमध्ये उतरले. त्यातले काही पिस्टनच्या कड्यांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये गेले, आणि बाकीचे पिस्टनच्या डोक्यावर साचले.

किती पेट्रोल साचले म्हणजे इंजिन अडते? १५० सीसीच्या इंजिनात पिस्टन खालपासून वरपर्यंत १५० घन सेंटिमीटर जागा झाडून घेतो. संपीडनाचे प्रमाण ९ ला १ असेल, तर पिस्टन अगदी वर गेल्यावर उरणारी जागा १५० ÷ ८, म्हणजे सुमारे १९ घन सेंटिमीटर. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा धरला, तर चार चमचेसुद्धा नाही! यापेक्षा जास्त द्रव वर साचला आणि दोन्ही झडपा बंद असल्या, की पिस्टन वर जाऊच शकत नाही.

हवा असती तर दबली असती. हवेचे आकारमान निम्मे करायला वातावरणाच्या दुप्पट दाब पुरतो. द्रवाचे तसे नसते. पेट्रोलचे आकारमान फक्त एक टक्का कमी करायला सुमारे १०० वातावरणांइतका दाब लागतो. या गाडीच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे २५ चौरस सेंटिमीटर. एक वातावरण म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम भार. म्हणजे पिस्टनवर २५ × १०० = २,५०० किलोग्रॅम, अडीच टन! तुमच्या पायाला किक दगडासारखी का लागली, ते आता कळले ना?

आणि उडी मारली असती तर? किंवा गाडी उतारावर ढकलली असती तर? १४० किलोची गाडी आणि ६० किलोचा स्वार ताशी १० किलोमीटर वेगाने जात असतील, तर त्यांची गतिज ऊर्जा सुमारे ७७० ज्यूल होते. क्लच सोडताच ही ऊर्जा क्रँकवर येते. पिस्टन वरच्या टोकाजवळ असताना क्रँक आणि कनेक्टिंग रॉड जवळजवळ एका सरळ रेषेत येतात. या स्थितीत क्रँकवरचे थोडे बलही रॉडवर अनेक पटींनी वाढून येते. मागचे चाक घसरले तर नशीब. नाही घसरले, तर रॉड वाकतो. मग चार चमचे पेट्रोलापायी अख्खे इंजिन खोलावे लागते.

सोडवणूक

मिस्त्रींनी आधी काय केले असेल? गाडी पडवीतून बाहेर अंगणाच्या मोकळ्या टोकाला नेली. कारण पडवीजवळच अंघोळीच्या पाण्याचा बंब पेटलेला होता, आणि पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरत ठिणगीपर्यंत पोचते. मग कॉक बंद केला, चावी काढली, बॅटरीची ऋण वायर सोडली. प्लग काढून त्याची टोपी भोकापासून दूर बांधून ठेवली. भोकावर फडके धरले आणि समोर कोणाला उभे राहू दिले नाही.

मग गाडी मेन स्टँडवर घेऊन टॉप गिअर टाकला आणि मागचे चाक हाताने हळूहळू पुढे फिरवले. टॉप गिअरच का? कारण या गाडीत पहिल्या गिअरला चाकाच्या एका फेऱ्यात क्रँक पंचवीस-तीस वेळा फिरतो, टॉप गिअरला फक्त आठ-नऊ वेळा. म्हणून टॉप गिअरला चाकाकडून क्रँक फिरवायला बळ कमी लागते. चाक फिरले आणि भोकातून पेट्रोल चुळकीसारखे फडक्यात आले. इंजिन मोकळे झाले.

"आता मारू का सेल्फ?" मुलाने विचारले. मिस्त्री म्हणाले, "आता मारशील तर खरे नुकसान करशील." पेट्रोल मिसळलेले ऑइल पातळ होते. त्याचा थर भार सहन करीत नाही. धातूवर धातू घासतो, आणि मग इंजिन खरेच सीझ होते. म्हणून आधी ऑइल बदलले, सुई साफ केली, नळीतली माती काढली आणि मगच गाडी सुरू केली, तीही किकने.

सेल्फचे काय झाले? मिस्त्रींनी त्याची मोटार सोडवून उघडली, तर गुंडाळीचे वार्निश काळे पडले होते. ती बदलावीच लागली. मित्रांनो, त्या सकाळी मोटारीत कोणताही दोष नव्हता. दोष तिच्यात आला तो आपण अर्धा मिनिट बटण दाबल्यामुळे. पेरूचे क्रेट शेजाऱ्यांच्या टेंपोतून उशिरा गेले. त्या दिवशीच्या भावापेक्षा अण्णांना ही निर्दोष मोटार जास्त महाग पडली.

तपासाचा क्रम

तुमच्या घरच्या जुन्या गाडीचा स्टार्टर अडला, तर मोठ्या माणसांच्या सोबतीने पुढील क्रमाने पाहा. एका वेळी एकच गोष्ट तपासा.

१. पेट्रोलचा वास येतो का? येत असेल तर कोणतेही बटण दाबू नका. गाडी उघड्यावर, आगीपासून दूर न्या.

२. गाडी न्यूट्रलमध्ये आहे का? काही गाड्यांत गिअर पडलेला असताना क्लच दाबल्याशिवाय सेल्फ चालत नाही.

३. हॉर्न वाजवा. घोगरा असेल तर बॅटरी किंवा तिची सैल, गंजलेली टोके यांकडे पाहा.

४. हॉर्न चांगला आहे, पण बटण दाबल्यावर हिरवा दिवा जराही मंद होत नाही. म्हणजे मोटारीपर्यंत धारा जातच नाही. दोष बटण, रिले, वायर किंवा मोटारीतले कार्बन ब्रश यांत असेल.

५. मोटार 'घुंई' करून फिरते, पण इंजिन फिरत नाही. मग एकाच दिशेने पकडणारा वन-वे क्लच घसरतो आहे.

६. हॉर्न चांगला, दिवा मंद होतो, 'टक्' आवाज येतो. आता चावी बंद करून किक हाताने हळू दाबून पाहा. किक नेहमीसारखी जात असेल, तर इंजिन मोकळे आहे आणि सेल्फच अडला आहे. मोटारीच्या आत चिकटवलेले चुंबक सुटून गुंडाळीत अडकतात, किंवा वन-वे क्लचचे रोलर घट्ट रुततात. रोलर रुतले असतील, तर चावी बंद ठेवून, टॉप गिअर टाकून गाडी हळूच वीतभर पुढे सरकवा. क्रँक पुढे गेला की रोलरांवरचा ताण सुटतो. एवढ्याने सुटले नाही, तर मोटार उघडणे हे मिस्त्रींचे काम आहे.

७. किकही जाम असेल, तर थांबा. जोर लावू नका, ढकलू नका. प्लग काढून, वर सांगितलेली सारी काळजी घेऊन चाक फिरवून पाहावे लागते. फिरले तर आत द्रव होता. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीतही असेच होते. प्लग काढूनही फिरले नाही, तर पिस्टन सीझ झाला आहे किंवा आत काही तुटले आहे. गाडी गॅरेजमध्ये न्या.

काही जण स्क्रूड्रायव्हरने रिलेची दोन टोके जोडून सेल्फ फिरवतात. शेकडो अँपिअरपर्यंत जाऊ शकणारी ती धारा मोठी ठिणगी पाडते. वर पेट्रोलची टाकी असते, हे विसरू नका.

फक्त किकच अडली तर

किकच्या रॅचेटला करवतीसारखे तिरके दात असतात. कधीकधी समोरासमोरचे दात एकमेकांच्या खाचेत न बसता डोक्याला डोके टेकून उभे राहतात आणि किक वरच्या वरच अडते. अशा वेळी किक वर सोडावी, गिअर टाकून गाडी थोडी पुढेमागे हलवावी आणि न्यूट्रलमध्ये आणून पुन्हा हळू दाबावी. दातांची जागा बदलली की ते नीट बसतात.

मी अकरावीत असताना हे मला ठाऊक नव्हते. वडिलांच्या जुन्या गाडीची किक अशीच अडली आणि मी तिच्यावर उडी मारली. ५० किलोग्रॅमच्या मुलाचे सगळे वजन २० सेंटिमीटर लांबीच्या तरफेतून एका दाताच्या टोकावर आले. दात तुटला, तुकडा ऑइलमध्ये पडला, आणि दुरुस्ती होईपर्यंत वडील आठ दिवस शाळेत सायकलवर गेले. ते मला काही बोलले नाहीत. म्हणूनच ते माझ्या लक्षात राहिले.

करून पाहा

१. सुई नसलेली, न वापरलेली इंजेक्शनची नळी घ्या. आत हवा भरून तोंड अंगठ्याने बंद करा आणि दट्ट्या दाबा. तो आत जाईल आणि सोडल्यावर परत येईल. आता हवेचा एकही बुडबुडा न ठेवता पाणी भरा आणि पुन्हा दाबा. अण्णांच्या गाडीत काय झाले ते तुमच्या अंगठ्याला कळेल. पेट्रोल मुळीच वापरू नका.

२. खेळण्यातली छोटी मोटार, टॉर्चचा छोटा तारेचा बल्ब आणि दोन सेल एकसर जोडणीत जोडा. मोटार मोकळी फिरताना बल्ब मंद दिसेल. मग मोटारीचा दांडा बोटांनी क्षणभर अडवा. बल्ब अधिक प्रकाशमान होईल. दोन-तीन सेकंदांत सोडून द्या.

विचार करा

१. दुसऱ्या प्रयोगात मोटार अडवताच बल्ब प्रखर का होतो?

२. रात्री त्या इंजिनाची झडप बंद स्थितीत थांबली असती, तर ऑइलची पातळी तेवढीच वाढली असती का?

३. मोटारीच्या गुंडाळीचा रोध तोच ठेवून बॅटरी व वायरींचा रोध ०.०५ ऐवजी ०.१९ ओहम झाला, तर अडलेल्या मोटारीत किती धारा जाईल? दिव्याला किती व्होल्ट मिळतील? यावरून, उतरलेली बॅटरी आणि अडलेली मोटार यांत दिवा पाहून फरक करता येईल का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ५० अँपिअर आणि अडीच व्होल्ट असे येते. दिवा तेव्हाही मंदच दिसेल. म्हणून पुढच्या वेळी दिवा मंद दिसला, तर माझ्यासारखी घाई करू नका. आधी हॉर्न वाजवा.